चहाचा चोथा, बिनकेसांचे उंदीर आणि काकांची जखम

मागच्या मे महिन्यात इंदूरच्या रामबागेत काकूंकडे गेले, तेव्हा त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. गाळणीतला चहाचा चोथा गार करून, मुठीत दाबून, तो डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत चोळणं चाललं होतं. ओट्यावर तपकिरी थेंब पडलेले, ठेचलेल्या आल्याचे तंतू बांगड्यांत अडकलेले. मला बघून म्हणाल्या, "अगं, चहाने कातडीचा कॅन्सर टळतो म्हणे. टीव्हीवर सांगत होते. तू इतकी वर्षं शाळेत हेच शिकवलंस ना? खरं की खोटं, एवढंच सांग."

काकूंनी हे उगाच विचारलं नव्हतं. काकांना कातडीचाच कॅन्सर झाला होता.

काका इथल्या एका कापड गिरणीत सायझिंग खात्यात होते. मागावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, ते खातं. तरुणपणी एकदा उकळती खळ त्यांच्या उजव्या नडगीवर सांडली. जखम भरली, पण तिथे चकचकीत, ताणलेली, बिनकेसांची कातडी कायमची राहिली. तीसेक वर्षांनी, गिरण्या बंद पडून गेल्यावर, त्याच जागी एक चीर पडली. एका डॉक्टरांनी मलम दिलं, दुसऱ्यांनी साखर तपासली, तिसऱ्यांनी मलम बदललं. दीड वर्ष असंच गेलं. जखमेच्या कडा जाड होऊन वर उचलल्या गेल्या, वास येऊ लागला, तेव्हा कुठे कोणीतरी कडेचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला. स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो तुकडा दीड वर्ष आधी काढला असता तर, हा विचार आजही आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलून दाखवत नाही.

म्हणून नुसतं "खरं" किंवा "खोटं" म्हणून मला निघता येईना. मी काकूंना बसवलं आणि जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी उन्हाचं. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैन जिल्ह्यातून जातं. तिथल्या डोंगळा गावी डॉ. वाकणकरांच्या नावाची वेधशाळा आहे आणि 21 जूनच्या सुमारास भर दुपारी तिथे सावली नाहीशी होते. इंदूर किंचित दक्षिणेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला. सूर्य जितका डोक्यावर, तितका किरणांचा हवेतला प्रवास कमी आणि तितके अतिनील-बी किरण जास्त पोचतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की हे किरण जोरात आहेत असं समजावं. घड्याळापेक्षा ही खूण मला भरवशाची वाटते.

हे किरण कातडीत शिरून काय करतात, ते काकांच्या गिरणीच्या भाषेत सांगते. पेशीतला डीएनए म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे समजा. प्रत्येक धागा सुटा हवा, तरच आडवा धागा नेणारा धोटा नीट धावतो आणि वीण बरोबर येते. अतिनील-बी किरण काय करतो, तर शेजारशेजारचे दोन धागे एकमेकांना चिकटवून टाकतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमिन नावाची दोन अक्षरं लागून आली की ती अशी चिकटतात. भर दुपारी उन्हात उभं राहिलं की एकेका पेशीत अशा चिकटगाठी मोठ्या संख्येने पडतात.

त्या रोज पडतात आणि रोज काढल्याही जातात. पेशीत दुरुस्तीची यंत्रणा असते. ती चिकटलेला भाग कापून टाकते आणि समोरच्या धाग्याकडे बघून नवा भरते. ही यंत्रणा किती मोलाची, हे तिच्यावाचून जन्मलेल्या मुलांकडे बघून कळलं. झिरोडर्मा पिगमेंटोझम या आजारात मुलांना लहानपणीच उन्हाने कातडीचे कॅन्सर होतात. त्यांच्या पेशींना या चिकटगाठी कापता येत नाहीत, हे 1968 मध्ये कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी दाखवून दिलं.

दुरुस्तीला वेळ लागतो. तेवढा वेळ माग थांबवणारा कोणीतरी हवा. गिरणीत हे काम जॉबरचं, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाचं. पेशीतल्या जॉबरचं नाव एटीआर. हे एक प्रथिन आहे. धाग्यात चिकटगाठ दिसली की ते "थांबा" म्हणतं, पेशीचं विभाजन रोखून धरतं आणि दुरुस्तीला सवड मिळते. नुकसान फारच झालं असेल, तर पी-53 नावाचं दुसरं प्रथिन पेशीला मरायला लावतं. उन्हाने पोळल्यावर दोन-चार दिवसांनी कातडी सोलवटते, त्यात अशा मेलेल्या पेशीही असतात. सोललेली कातडी दिसायला वाईट, पण बिघडलेल्या पेशी बाहेर गेल्याची ती खूण असते.

घोटाळा होतो तो पी-53 च्याच जनुकात चिकटगाठ पडून ती तशीच राहून गेली तर. मग ती पेशी मरायचं विसरते. पुढचं ऊन तिच्या शेजारच्या चांगल्या पेशींना मारतं आणि रिकामी झालेली जागा हिला मिळते. अशी वर्षानुवर्षं गेली की कातडीवर कॅन्सरची गाठ तयार होते.

आता चहाकडे वळू.

अमेरिकेत न्यू जर्सीला रटगर्स विद्यापीठ आहे. तिथे ॲलन कॉनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचे उंदीर केस नसलेल्या जातीचे, म्हणजे किरण थेट कातडीवर पडणार. सुरुवातीला त्यांनी उंदरांना पाण्याऐवजी चहाच प्यायला दिला आणि दिव्याखाली ठेवून अतिनील-बी किरण दिले. चहा पिणाऱ्या उंदरांना गाठी कमी आल्या. त्या काळी सगळ्यांना वाटायचं की ही करामत चहातल्या कॅटेचिनसारख्या पॉलिफेनॉल द्रव्यांची. ग्रीन टीच्या पाकिटांवर आजही तेच छापतात.

पुढचा प्रयोग मला फार आवडतो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात त्यांनी चहातून कॅफिन काढून टाकलं आणि असा चहा उंदरांना दिला. गाठी रोखण्याची ताकद एक तर उणावली, नाही तर गेलीच. मग त्याच चहात कॅफिन परत मिसळलं, आणि ताकद परत आली. नुसतं कॅफिन पाण्यातून दिलं, तरी गाठी कमी झाल्या. वर्गात मुलांना मी नेहमी सांगायची, की एखाद्या गोष्टीचं कारण शोधायचं असेल तर ती काढून बघा आणि मग परत घालून बघा. या प्रयोगाने नेमकं तेच केलं. उन्हाच्या या गाठींपुरतं बोलायचं तर चहातलं मोठं काम कॅफिनचं निघालं.

2002 साली त्यांनी काकूंनी केलं तसं केलं, म्हणजे लावून बघितलं. उंदरांना आठवड्यातून 2 वेळा, असे 20 आठवडे किरण दिले आणि मग किरण पूर्ण बंद केले. त्या वेळी एकही गाठ दिसत नव्हती, पण धोका कातडीत भरून राहिलेला होता. त्यानंतर 18 आठवडे, आठवड्यातून 5 दिवस, रोज एकदा कातडीवर कॅफिन लावलं. न लावलेल्या उंदरांच्या मानाने साध्या गाठी 44 टक्के कमी आल्या आणि कॅन्सरच्या गाठी 72 टक्के कमी. किरण आधीच थांबले होते, म्हणजे कॅफिन इथे छत्रीसारखं वागत नव्हतं. नुकसान होऊन गेल्यावर ते काहीतरी करत होतं. बघितलं तर गाठींमधल्या पेशी जास्त मरत होत्या, आजूबाजूच्या निरोगी कातडीत मात्र तसं होत नव्हतं.

हे कसं होतं? कॅफिन जॉबरला बाजूला बसवतं. एटीआर गप्प झाला की "थांबा" म्हणणारा कोणी उरत नाही. बिघडलेली पेशी चिकटगाठीसकट माग चालवायला जाते, अर्ध्या विणीतच कापड टरकतं आणि पेशी मरते. चांगल्या पेशीच्या धाग्यात चिकटगाठी नसतात, तिला जॉबर तासभर नसला तरी फारसं बिघडत नाही. ऐकायला उलटं वाटेल, पण कॅफिनचा फायदा दुरुस्ती वाढवण्यात नाहीच. दुरुस्त न होणारी पेशी जगू नये, यात तो आहे. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे कुजका बटाटा टोपलीतून काढून टाकायचा, तसं." माझ्या जॉबरपेक्षा त्यांचा बटाटा चटकन कळतो हे कबूल.

ही नुसती कल्पना नाही. 2011 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले पॉल नीम आणि कॉनी यांच्या गटाने कॅफिन न देता, उंदरांच्या जनुकांतच बदल करून कातडीतलं एटीआर निकामी केलं. त्या उंदरांना गाठी सुमारे 3 आठवडे उशिरा आल्या आणि 19 आठवड्यांनी मोजल्या तर 69 टक्के कमी होत्या. जॉबरवरचा संशय बळकट झाला. पण किरण देत राहिल्यावर शेवटी त्या उंदरांनाही गाठी आल्याच. गाठ लांबली, टळली नाही. टीव्हीवर सांगताना हे वाक्य गळतं, आणि माझ्या मते सगळ्यात आधी सांगायचं ते हेच आहे.

अजून एक अडचण आहे. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींमधलं एटीआर रोखायला जेवढं कॅफिन लागतं, तेवढं चहा पिऊन रक्तात कधीच येत नाही. येतं ते त्याच्या कितीतरी पट कमी. मग चहा पिऊन होणारा फायदा याच वाटेने होतो, की कॅफिनची दुसरी काही वाट आहे, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. आणि चोथा चोळून कातडीत किती कॅफिन मुरतं? एक तर उकळताना बरंचसं कॅफिन पाण्यात उतरलेलं असतं. जे मोजून मापून, विरघळवून उंदरांना लावलं होतं, ते काकूंच्या मुठीत नव्हतं.

माणसांचं काय? माणसांना दिव्याखाली बसवून गाठी येऊ देता येत नाहीत. त्यामुळे लोक काय खातात-पितात हे विचारून वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर राहायचं, हीच पद्धत. अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचारी यांच्या दोन मोठ्या पाहण्यांचा एकत्र हिशोब 2012 मध्ये आला. माणसं 1,12,897. त्यांतल्या 22,786 जणांना बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा सगळ्यात सौम्य आणि गोऱ्या लोकांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर झाला. दिवसाला 3 कपांहून जास्त कॉफी पिणाऱ्या बायकांमध्ये तो सुमारे 20 टक्के कमी होता, पुरुषांत सुमारे 9 टक्के. कॅफिन काढलेल्या कॉफीने मात्र काहीच फरक पडला नव्हता. चहा, कोला, चॉकलेट यांतून पोटात गेलेल्या कॅफिनचाही कल त्याच बाजूला होता. उंदरांची गोष्ट आणि माणसांची गोष्ट इथे एकमेकींना दुजोरा देतात, म्हणून मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो.

पण त्याच अभ्यासात स्क्वेमस सेल कार्सिनोमाशी कॅफिनचा संबंध दिसला नाही. काकांना झाला होता तो हाच. मेलानोमाशी, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरशीही दिसला नाही. मेलानोमाबाबत 2015 मध्ये आलेल्या दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत, दिवसाला 4 किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांना तो सुमारे 20 टक्के कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे तिथे दोन पाहण्यांची तोंडं दोन दिशांना आहेत. शिवाय कॉफी पिणारी माणसं उन्हात कमी जात असतील, ऑफिसात जास्त बसत असतील, तर श्रेय कॉफीचं की छपराचं? संशोधक असे फरक हिशोबात धरतात, पण सगळे धरता येत नाहीत.

ही सगळी माणसं जवळपास गोरी. आपल्या कातडीत मेलानिन हे रंगद्रव्य भरपूर. ते पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं बसतं आणि अतिनील किरण आधीच गिळतं. त्यामुळे आपल्याकडे उन्हाने होणारे कातडीचे कॅन्सर फार कमी. वीस टक्के कमी किंवा जास्त, हे मुळातच लहान असलेल्या आकड्याला लावून फारसं हाती येत नाही. उन्हाची खरी काळजी आपल्यात कोणी घ्यायची? ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंगद्रव्य नाही त्यांनी, किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी, आणि झिरोडर्माच्या मुलांनी. या लोकांनी टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन यांत जराही ढिलाई करू नये. बाकीच्यांसाठी छप्पन दुकानच्या रस्त्यावर स्कूटरवरच्या मुली डोकं-चेहरा ओढणीने गच्च बांधून जातात, ते उत्तम आहे.

मग आपल्याला कातडीचा कॅन्सर होतो कुठून? हे मला चहापेक्षा कळकळीने सांगायचं आहे. आपल्याकडे तो बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो. जुन्या भाजल्याच्या व्रणावर होतो, काकांना झाला तसा. असा व्रण फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांच्या नावाने ओळखतात, त्यांनी 1828 मध्ये अशा जखमांचं वर्णन केलं होतं. भाजण्यापासून कॅन्सरपर्यंत बहुधा काही दशकं जातात, म्हणून डॉक्टरही जुनं भाजणं विचारायचं विसरतात. काश्मीरमध्ये फेरनच्या, म्हणजे ढगळ अंगरख्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची लहान शेगडी, धरून मांडीला आणि पोटाला होतो. मेलानोमा झाला तर तो आपल्या लोकांत बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली असतो, जिथे कोणी बघत नाही.

आणि एक खास आपला. मुंबईत टाटा मेमोरियलमधले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांनी 1945 मध्ये एका निबंधात धोतराच्या कॅन्सरचं वर्णन केलं. धोतर वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी आवळून बांधायचं, तिथे कातडी घासून काळी पडते, खरखरीत होते, कधी फुटते, आणि क्वचित कुणाला त्या पट्ट्यात स्क्वेमस कॅन्सर होतो. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांमध्येही, परकराच्या नाडीच्या जागी, तोच आढळला. प्रमाण फार थोडं, घाबरायचं कारण नाही. पण आंघोळ करताना कमरेवरून एकदा हात फिरवायला काय जातं? भाजल्याच्या जुन्या व्रणावर नवी चीर, महिना-दीड महिना न भरणारी जखम, कडा उचललेला फोड, तळपायावरचा वाढता काळा डाग, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "तुकडा काढून तपासायचा का?" मलम बदलून मिळालं तरी हा प्रश्न विचाराच. आम्ही विचारला नव्हता.

चहा सोडायचा का? मुळीच नाही. दूध घातल्याने कॅफिन जात नाही, साखरेनेही नाही. मोठ्या कपात साधारण 40-50 मिलिग्राम कॅफिन येतं, टपरीवरच्या कट चहात बरंच कमी. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रामपर्यंत चालतं, गरोदर बाईने 200 च्या आत राहावं. एवढंच, की उकळता घोट घशाखाली ढकलू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2016 मध्ये 65 अंश सेल्सिअसहून गरम पेयांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचं संभाव्य कारण म्हटलं आहे. बशीत ओतून फुंकर मारून पिणारे आमचे आजोबा या बाबतीत अगदी योग्य करत होते.

एवढं सगळं ऐकून काकूंनी हात धुतला. चोथा उचलून परसातल्या गुलाबाच्या कुंडीत टाकून आल्या. मग दार लोटून घेतलं, पदर बाजूला केला आणि नाडीच्या रेषेवर, उजव्या कुशीला, रुपयाएवढा एक खरखरीत काळपट चट्टा दाखवला. तो खाजतो, चार महिने झाले, म्हणाल्या. कोणाला सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं आणि प्रश्न विचारला. डॉक्टरांनी कडेचा बारीकसा तुकडा काढला, एक टाका घातला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत काकू रोज संध्याकाळी फोन करायच्या आणि दुसरंच काहीतरी बोलायच्या.

कॅन्सर नव्हता. घासून घासून जाड झालेली कातडी होती. नाडी सोडा, रुंद पट्टा लावा, जागा बदलत राहा, असं डॉक्टर म्हणाले. परवा गेले तेव्हा त्या मशीनवर बसल्या होत्या. शेजारी अकरा परकरांचा ढीग होता, आणि सातव्याची नाडी काढून त्याला चार बोटं रुंद पट्टा लावणं चाललं होतं.